दहापैकी रक्ताचे गुण चारच

"आरए फॅक्टर निगेटिव्ह आलाय, म्हणजे आमवात नाही ना?" आणि "आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आलाय, आता मुलीचं कसं होणार?" हे दोन प्रश्न आम्हाला वारंवार विचारले जातात. विचारणाऱ्या बहुतेक भगिनीच असतात. हातात लॅबचा कागद असतो, त्यावर एखादा आकडा ठळक छापलेला असतो आणि सगळे घर त्या आकड्याकडे बघत असते. ज्या बोटांसाठी रक्त काढले त्या बोटांकडे मात्र कोणी बघत नाही. आम्ही डॉक्टर नाही, शाळेत शिकवतो. पण समोरचा कागद नीट कसा वाचावा हे शिकवणे हेच आमचे काम, म्हणून या महिन्यात हा कागद वाचू या.

भिवंडी-ठाणे रस्त्यावरचे पूर्णा आज गोदामांचे गाव म्हणून ओळखले जाते. शेजारी काल्हेर, राहनाळ, वळ, दापोडे, सगळीकडे तेच चित्र. पलीकडे भिवंडी शहरात लूमची खडखड. आपल्या घरांचे पोट हातांवर चालते. गोदामात पॅकिंग करणारे हात, लूमवर तुटलेला धागा जोडणारे हात, घरी बसून कांडी भरणारे, शिलाई करणारे, पीठ मळणारे हात. अशा घरात एका बाईची बोटे सुजली तर मिळकत कमी होते, स्वयंपाक अडतो, आणि तरीही "कामाने दुखत असेल" म्हणून महिने जातात. आमवातात नेमके हेच महिने मोलाचे असतात. उपचाराविना राहिलेल्या सांध्याची हाडे अनेकदा पहिल्या दोन वर्षांतच झिजू लागतात, आणि झिजलेले हाड औषधाने परत येत नाही.

नावांचा गोंधळ

आपल्याकडे सांधा दुखला की एकच शब्द वापरतात. मराठीत संधिवात, उर्दूत गठिया, हकीम साहेबांकडे गेलो तर वजउल-मफासिल. हे तिन्ही शब्द फार रुंद आहेत. म्हाताऱ्या गुडघ्याची झीज, युरिक ॲसिडने सुजलेला अंगठा, चिकनगुनियानंतरची दुखणी, सगळे त्यात मावते. डॉक्टरांच्या कागदावरचा रुमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपण ज्याला आमवात म्हणतो तो, हा त्यातला एकच आजार. यात शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा चुकून आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. अस्तर सुजते, जाड होते आणि शेजारचे हाड व कूर्चा खाऊ लागते. पुरुषांपेक्षा बायकांत तो दुप्पट-तिप्पट आढळतो आणि पुष्कळदा ऐन संसाराच्या वयात सुरू होतो.

हा आजार किती जणांना असतो, याचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातच शोधले गेले आहे. १९९६ मध्ये पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोलापूर रस्त्यावरच्या भिगवण गावात घरोघर जाऊन सुमारे चार हजार प्रौढांची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने अनेक देशांत चाललेल्या पाहणीचा तो भाग होता. हाडे, सांधे, स्नायू दुखतात असे सांगणारे १०० मागे सुमारे १८ निघाले. रुमेटॉइड आर्थ्रायटिस मात्र १०० मागे सुमारे अर्धा, म्हणजे दर २०० प्रौढांत एकाला. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे आरए फॅक्टरचे गणित करताना ते लागणार आहेत.

दहा गुणांचा पेपर

रक्त तपासले की निदान झाले, असा समज आहे. प्रत्यक्षात डॉक्टर हे निदान कसे करतात? अमेरिकेच्या आणि युरोपच्या सांधेरोग-तज्ज्ञांच्या संघटनांनी २०१० मध्ये मिळून एक मोजपट्टी तयार केली. मुळात ती संशोधनासाठी एकसारखे रुग्ण निवडता यावेत म्हणून केलेली आहे, पण दवाखान्यातही तिचा आधार घेतला जातो. आम्हा शिक्षकांना ती पटकन समजते, कारण तो दहा गुणांचा पेपर आहे आणि पास व्हायला सहा लागतात.

पेपरला बसण्याची अट अशी की, निदान एका सांध्याला खरी सूज डॉक्टरांना हाताने जाणवली पाहिजे आणि तिचे दुसरे कारण सापडता कामा नये. मग गुण सुरू होतात. किती सांधे आणि कोणते, याला जास्तीत जास्त पाच गुण; बोटांचे, मनगटाचे लहान सांधे जितके जास्त तितके गुण जास्त. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या दोन तपासण्यांना मिळून जास्तीत जास्त तीन. ईएसआर किंवा सीआरपी वाढलेला असेल तर एक. त्रास सहा आठवडे किंवा त्याहून जास्त चालू असेल तर एक.

आता बेरीज करा. रक्ताचे सगळे गुण मिळून होतात चार. म्हणजे रक्ताचा प्रत्येक आकडा वाढलेला असला तरी केवळ रक्तावर कोणी पास होत नाही. उलट बाजूने बघा. एखाद्या बाईचे दहाहून अधिक सांधे दुखरे-सुजलेले आहेत, त्यांत बोटांचे आहेत आणि त्रासाला दोन महिने झाले आहेत. तिला पाच अधिक एक असे सहा गुण मिळाले. रक्ताचा एकही गुण नसताना ती पास झाली. तिचा आरए फॅक्टर निगेटिव्ह, सीसीपी निगेटिव्ह, ईएसआर नॉर्मल, आणि आजार मात्र आहे. सुरुवातीच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर या बेरजेत आहे.

म्हणून कागदाआधी हात बघायला शिका. आपल्या घरात यासाठी वेगळे यंत्र नको. पहाटे फज्रच्या वजूला उठल्यावर मूठ वळत नाही, नळ फिरवता येत नाही, आणि हा आखडलेपणा तासभर किंवा जास्त राहतो. सजद्यात तळहात जमिनीला टेकवताना मनगटात कळ येते. कायद्यात बसताना पायाची बोटे दुमडत नाहीत. नेहमीच्या मापाच्या बांगड्या बोटांच्या मुळाशी अडतात. कोणी प्रेमाने मुसाफहा केला, हात दाबला, तर डोळ्यांत पाणी येते. डॉक्टरही तपासताना बोटांच्या मुळांची ओळ अशीच हलके दाबून बघतात. दोन्ही हातांना असे सहा आठवडे होत असेल तर आरए फॅक्टर काहीही आलेला असो, सांधेरोग-तज्ज्ञांना दाखवायला हवे. सहा आठवडे पुरे होईपर्यंत थांबलेच पाहिजे असेही नाही.

ओळख सांगणाऱ्या दोन तपासण्या

आता कागदावर येऊ. त्यावरच्या तपासण्यांचे आम्ही तीन गट करतो: ओळख सांगणाऱ्या, आजची आग मोजणाऱ्या आणि औषधावर पहारा ठेवणाऱ्या. हे तीन गट वेगळे ओळखता आले की निम्मा गोंधळ संपतो.

ओळखीच्या गटात आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी. आरए फॅक्टर म्हणजे शरीराने आपल्याच एका संरक्षक प्रथिनाविरुद्ध तयार केलेले दुसरे प्रथिन. नॉर्वेचे एरिक वालर यांनी १९४० मध्ये दाखवले की, या रुग्णांच्या रक्तातला द्रव विशिष्ट रीतीने तयार केलेल्या मेंढीच्या तांबड्या पेशींत मिसळला तर त्या पेशींच्या गुठळ्या होतात. १९४८ मध्ये अमेरिकेत हॅरी रोझ यांना तेच दिसले. आजची तपासणी तिथून वाढत आली आहे.

आमवात असलेल्या १०० जणांपैकी साधारण ७० ते ८० जणांचा आरए फॅक्टर पॉझिटिव्ह असतो, बाकीच्यांचा नसतो. शिवाय काविळीचा सी विषाणू, क्षयरोग, कुष्ठरोग यांतही तो वाढतो, आणि काहीच आजार नसलेल्या, विशेषतः वय झालेल्या माणसांतही सापडतो. आता भिगवणचे आकडे घ्या. समजा, एखाद्या वस्तीतल्या १००० प्रौढांची सरसकट आरए फॅक्टर तपासणी केली. त्यांत खरे आमवाताचे पाच. त्यांपैकी चौघांचा पॉझिटिव्ह आला असे धरू. उरलेल्या ९९५ निरोगी किंवा दुसऱ्या दुखण्याच्या माणसांत १०० मागे पाच जणांचा पॉझिटिव्ह धरला तरी ते झाले सुमारे ५०. म्हणजे पॉझिटिव्ह कागद हातात घेतलेल्या ५४ जणांत खरा आजार चौघांनाच, आणि ५० जण उगाच घाबरलेले. म्हणूनच "फुल बॉडी चेकअप"च्या पॅकेजमध्ये न मागता आलेला आरए फॅक्टर हा आजाराचा पुरावा नसतो. सांध्याला सूज नसेल तर त्या कागदाला फारसा अर्थ नाही.

अँटी-सीसीपी ही नवी तपासणी. नेदरलँडमधल्या संशोधकांच्या कामातून १९९०च्या दशकाअखेरीस ती पुढे आली. आजार असलेल्या १०० पैकी साधारण ६५ ते ७० जणांतच ती पॉझिटिव्ह येते, पण निरोगी माणसात क्वचितच येते. त्यामुळे सुजलेल्या बोटांसोबत सीसीपी पॉझिटिव्ह आली, विशेषतः आकडा वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त असला, तर डॉक्टर ती गांभीर्याने घेतात. अशा रुग्णांत हाडे झिजण्याचा धोका अधिक असतो, म्हणून उपचार लवकर आणि जोरात करतात. कधीकधी तर ती आजार दिसण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून रक्तात असते. बिडी-सिगारेटच्या धुराशी तिचे नाते संशोधनात स्पष्ट दिसले आहे. घरात ज्यांना बिडीची सवय आहे त्यांनी एवढे जरूर लक्षात घ्यावे.

एक पैशाची गोष्ट. ओळखपत्र एकदा बघितले की रोज बघावे लागत नाही. आजार ठरल्यावर दर महिन्याला आरए फॅक्टर आणि सीसीपी करण्याची सहसा गरज नसते. आकडा ८० वरून ६० झाला म्हणून आजार तेवढा कमी झाला असे होत नाही. "परत सीसीपी कशासाठी, डॉक्टर साहेब?" असे अदबीने विचारण्यात काही चूक नाही. सीसीपी महाग असते, आणि त्या पैशांत महिन्याची औषधे येऊ शकतात.

आजची आग मोजणाऱ्या तपासण्या

दुसरा गट ईएसआर आणि सीआरपी. आजार कोणता आहे हे त्या सांगत नाहीत. शरीरात कुठेतरी आग आहे आणि ती किती मोठी, एवढेच सांगतात.

ईएसआरची रीत अगदी साधी. रक्त उभ्या अरुंद नळीत ठेवायचे आणि एका तासात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते बघायचे. स्वीडनच्या आल्फ वेस्टरग्रेन यांनी १९२१ मध्ये बसवून दिलेली पद्धत अजून चालते. शरीरात दाह असला की रक्तातली काही प्रथिने वाढतात, पेशी एकमेकींना चिकटून जड होतात आणि लवकर खाली बसतात. पण पेशी लवकर बसण्याची दुसरीही कारणे आहेत: अंगात रक्त कमी असणे, गरोदरपण, वाढते वय, कुठलाही जंतुसंसर्ग. वयाचा एक ढोबळ हिशेब आहे. पुरुषांसाठी वयाचे निम्मे. बायकांसाठी वयात १० मिळवून त्याचे निम्मे. म्हणजे साठीच्या दादीचा ईएसआर ३५ आला तर तो तिच्या वयाला धरून चालू शकतो, आणि छापील मर्यादा २० म्हणून कागदावर तो वाढलेला दिसतो. तोच ३५ पंचविशीच्या मुलाचा असेल तर शोध घ्यावा लागेल.

सीआरपी हे यकृतात बनणारे प्रथिन. १९३० मध्ये न्यूयॉर्कला न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते प्रथम सापडले. ते काही तासांत वाढते, दोन दिवसांत वर पोहोचते आणि आग विझली की भराभर उतरते. ईएसआरला उतरायला आठवडे लागतात. म्हणून औषध बदलल्यावर सीआरपी आधी हलतो, ईएसआर मागून येतो. दोघांचे एकाच दिवशी पटले नाही तर लॅब चुकली असे लगेच म्हणू नये.

सीआरपीच्या कागदावर आकड्याइतकेच मोजमाप महत्त्वाचे. काही लॅब एका लिटरमागे मिलिग्रॅम लिहितात, काही एका डेसिलिटरमागे. डेसिलिटर म्हणजे लिटरचा दहावा हिस्सा. त्यामुळे एका लॅबचा १.२ आणि दुसऱ्या लॅबचा १२ हा एकच निकाल असू शकतो. गेल्या महिन्यात १.२ होता, या महिन्यात १२ झाला, म्हणून घरात रडारड होण्याआधी आकड्यापुढची ती बारीक अक्षरे वाचा. शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये तपासणी करा.

पावसाळ्यात ताप, घसा, लघवीची जळजळ असताना काढलेले रक्त सांध्यांची आग दाखवेलच असे नाही. ती त्या तापाची असू शकते. तसे काही असेल तर डॉक्टरांना सांगा, ते तपासणी कधी करायची ठरवतील. रक्त कमी असण्याचेही तसेच. लांबलेल्या दाहात लोह शरीरात असूनही वापरले जात नाही आणि हिमोग्लोबिन उतरते. अशा बाईला नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी पुरता फरक पडत नाही. मूळ आग शांत झाली की हिमोग्लोबिन आपोआप वर येऊ लागते.

एवढे असूनही हा गट एकटा पुरत नाही. पुष्कळ रुग्णांचे सांधे सुजलेले असताना ईएसआर-सीआरपी नॉर्मल असतात. म्हणून डॉक्टर आजाराचा जोर मोजताना २८ सांधे हाताने तपासतात: दोन खांदे, दोन कोपर, दोन मनगटे, दोन गुडघे आणि हातांच्या बोटांचे २०. सुजलेले किती, दुखरे किती, रुग्णाला स्वतःला कसे वाटते, आणि ईएसआर किंवा सीआरपी, या चारांचा मिळून एक आकडा काढतात. तो २.६ च्या खाली आला तर आजार शांत आहे असे धरतात. डॉक्टरांनी कागद बघून, हाताला हातही न लावता औषध लिहिले, तर "सांधे जरा बघता का?" म्हणण्याचा आपल्याला हक्क आहे. भगिनींना संकोच वाटत असेल तर लेडी डॉक्टर किंवा सोबत घरचे माणूस असावे; पण तपासणी टाळू नये. या २८ मध्ये पायाचे सांधे नाहीत, तेव्हा तळपाय दुखत असतील तर ते आपणहून सांगा.

औषधावर पहारा

तिसरा गट आजारासाठी नसून औषधासाठी आहे. आमवातात बहुतेकांना प्रथम दिले जाणारे औषध मेथोट्रेक्सेट. या औषधाच्या मागे आपल्याच देशातल्या माणसाचे नाव आहे. आंध्रातल्या भीमवरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. १९४०च्या दशकात त्यांच्या चमूने आधी फॉलिक ॲसिड बनवले आणि मग त्याला अडवणारी औषधे, ज्यांत मेथोट्रेक्सेट आले. ते प्रथम कर्करोगासाठी होते. आमवातासाठी त्याचा फार कमी डोस वापरतात.

आणि फॉलिक ॲसिडचा शोध तर मुंबईपर्यंत येतो. इंग्लंडच्या डॉ. ल्युसी विल्स १९२८ मध्ये मुंबईत आल्या, कारण इथल्या गिरणी कामगारांच्या घरांतल्या गरोदर बायका एका विशिष्ट रक्तक्षयाने दगावत होत्या. गरीब मुस्लिम बायकांत, ज्यांच्या ताटात भाजी, फळे आणि मांस-डाळ कमी, तो सर्वांत जास्त होता. विल्स बाईंनी दाखवले की यीस्टच्या अर्काने तो बरा होतो. त्या अर्कातले गुणकारी तत्त्व पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखले गेले. आज मेथोट्रेक्सेटसोबत डॉक्टर फॉलिक ॲसिडची पिवळी गोळी देतात, तोंडात फोड येणे, मळमळ असे त्रास कमी व्हावेत म्हणून. तिला "ताकदीची गोळी" समजून टाकून देऊ नका.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकच दिवस घ्यायचे असते. रोज घेतले गेले तर जीवावर बेतते, आणि असे अपघात झालेले आहेत. दिवस ठरवून ठेवा. जुम्याचा दिवस लक्षात ठेवायला सोपा. कॅलेंडरवर खूण करा, गोळ्यांच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात "फक्त जुमा" लिहा, उर्दूत, मराठीत, घरात जे वाचता येते त्यात.

हे औषध यकृतावर आणि रक्त बनण्यावर परिणाम करू शकते, म्हणून सीबीसी, एसजीपीटी आणि क्रिएटिनिन या तपासण्या. सुरुवातीचे तीन महिने साधारण दोन ते चार आठवड्यांनी, मग सगळे ठीक असेल तर दोन-तीन महिन्यांनी. औषध सुरू करण्यापूर्वी काविळीचे बी आणि सी विषाणू तपासतात. सगळे वेदनेकडे बघतात आणि खर्च वाचवायचा म्हणून नेमका हाच गट सोडतात. आम्ही म्हणू, काही वाचवायचेच असेल तर पुन्हा पुन्हा होणारा आरए फॅक्टर वाचवा. एसजीपीटी आणि सीबीसी सोडू नका.

"अम्मी, रिपोर्ट नॉर्मल आला"

मुलगा आनंदाने सांगतो, "अम्मी, ईएसआर नॉर्मल आला." अम्मी म्हणते, "अलहम्दुलिल्लाह, आता गोळ्या बंद." पुष्कळ हात इथेच बिघडतात. आकडा उतरला तो औषध चालू होते म्हणून. औषध अचानक थांबवले तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आग पुन्हा पेटते. बराच काळ आजार शांत राहिला तर डॉक्टर डोस हळूहळू कमी करतात. ते त्यांच्या हातात असू द्या.

दुसरा धोका पुडीचा. नाव नसलेली, लेबल नसलेली पावडर किंवा गोळ्या, आणि दोन दिवसांत जादू. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले अनेकदा सापडले आहे. स्टेरॉइडने वेदनाही उतरते आणि सीआरपीही, त्यामुळे रिपोर्ट चांगला दिसतो. मागाहून चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. डॉक्टरही काही काळ मोजून स्टेरॉइड देतात, पण ते हिशेबाने. पुडी बराच काळ घेतली असेल तर एकदम बंदही करू नका. ती घेऊन डॉक्टरांकडे जा आणि खरे सांगा. हिजामा करणाऱ्या भगिनी-बंधूंनाही एवढेच सांगणे आहे की, हिजामा केला म्हणून औषध थांबवू नये आणि रक्त कमी असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. इलाज करणे ही प्यारे नबी सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांची शिकवण आहे, आणि अर्ध्यावर टाकलेला इलाज पुरा इलाज नव्हे.

रमजानमध्ये दोन प्रश्न येतात. ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, सीसीपी यांना उपाशी पोटाची गरज नसते, तेव्हा इफ्तारनंतरही रक्त देता येते. रोज्यात तपासणीपुरते रक्त दिल्याने रोजा तुटत नाही असे बहुतेक उलेमा सांगतात. मनात शंका असेल तर आपल्या मस्जिदीतल्या आलिमांना विचारावे. आठवड्याची गोळी रात्रीच्या जेवणानंतर घेता येते. आणि आजार जोरात असेल तर आजाऱ्याला दिलेली सवलत कुरआनमध्येच आहे, सूरह बकरामध्ये. ती घेण्यात कमीपणा नाही. खुर्चीवर बसून नमाज पढणाऱ्या तरुण सुनेकडे बघून कुजबुज करणाऱ्यांनी हे आधी वाचावे.

मुलीचा प्रश्न

सुरुवातीचा दुसरा प्रश्न राहिला. पॉझिटिव्ह आरए फॅक्टरचा कागद लपवून ठेवला जातो, मुलीला औषध चोरून दिले जाते किंवा दिलेच जात नाही, कारण रिश्ता मोडेल. आधी हे लक्षात घ्या की सांधे सुजलेले नसतील तर त्या कागदाला आजार म्हणायचे नाही. आणि आजार खरोखर असेल तर लपवण्याचा धोका फार मोठा आहे. मेथोट्रेक्सेट चालू असताना गर्भ राहता कामा नये. पोटातल्या बाळाला त्याने व्यंग येऊ शकते. मूल हवे असेल तर ते काही महिने आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद करतात आणि गरोदरपणात चालणारी दुसरी औषधे देतात. हे नवऱ्याला माहीत नसेल, सासूला माहीत नसेल, तर वेळेवर थांबवणार कोण? आमवात असलेल्या कितीतरी बायका निरोगी बाळांच्या आया आहेत. पुष्कळींचा आजार गरोदरपणात आपोआप शांतही होतो, बाळंतपणानंतर मात्र उसळू शकतो, म्हणून तेव्हा तपासणी लवकर करावी. आणि गरोदरपणात ईएसआर एरवीही वाढतो. तो बघून घाबरू नये, सीआरपी आणि सांधे बघावेत.

रिश्ता ठरवताना दोन्ही घरांनी खरे बोलावे, आणि ऐकणाऱ्याने ते माणुसकीने ऐकावे. वेळेवर उपचार घेतलेली मुलगी संसार, नोकरी, बाळ सगळे सांभाळते. लपवलेला आजार तिची बोटे वाकडी करतो, आणि वाकडी बोटे लपवता येत नाहीत.

एक वही करा

शेवटी घरचे काम. एक साधी शंभर पानी वही घ्या. प्रत्येक पानावर तारीख आणि सहा ओळी: सकाळी आखडलेपणा किती मिनिटे, सुजलेले सांधे कोणते, ईएसआर, सीआरपी मोजमापासह, हिमोग्लोबिन आणि एसजीपीटी, चालू औषधे डोससह. पहिल्या पानावर आरए फॅक्टर आणि सीसीपी एकदाच. लिहायचे काम आठवी-नववीतल्या मुलाला किंवा मुलीला द्या. आकडे कसे चढले-उतरले याचा आलेख काढायला त्यांना शाळेत शिकवलेलेच आहे. अम्मीच्या वहीत तो आलेख काढला तर गणितही पक्के होईल आणि अम्मीच्या गोळ्याही चुकणार नाहीत. मूळ रिपोर्ट फाइलमध्ये तारखेने लावा. मोबाइलमधले फोटो हरवतात.

दाखवायचे कुठे? पहिली तपासणी आणि साधे रक्त भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे होऊ शकेल. संशय वाटला तर सांधेरोग-तज्ज्ञांकडे, म्हणजे रुमेटॉलॉजिस्टकडे पाठवायला सांगा. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात या आजाराचा स्वतंत्र विभाग आहे. पूर्ण्याहून कशेळीचा पूल ओलांडून ठाणे, तिथून लोकलने परळ. एक दिवस मोडतो, रांग असते, पण वही सोबत असली तर डॉक्टरांना पाच मिनिटांत सगळा इतिहास कळतो आणि उरलेली मिनिटे बोटे तपासायला मिळतात.

आज इशाच्या नमाजनंतर घरातल्या अम्मी, खाला, भाभी, जिची बोटे दुखतात तिला समोर बसवा. तिचे दोन्ही हात आपल्या हातात घ्या. मुठी वळायला सांगा, बोटांच्या मुळांची ओळ हलके दाबून बघा, आणि पहाटे किती वेळ आखडते ते विचारा. उत्तर वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहा. अल्लाह तआला सर्व आजाऱ्यांना शिफा देवो. आमीन.